जाते म्हणू नये

देवाचा अनुभव आला असं सांगणाऱ्यांकडे मी बरीच वर्षं जरा तिरक्याच नजरेने पाहत आले. कुणाला स्वप्नात दृष्टान्त होतो, कुणाची चुकलेली गाडी पुढे अपघातात सापडते, आणि हे सगळं नेमकं दुसऱ्यांच्याच बाबतीत कसं होतं, असा माझा खवचट प्रश्न असायचा. आज मीच लिहायला बसले आहे, तेव्हा वाचणाऱ्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं तर तक्रार करायला मला जागा नाही. नास्तिक मात्र मी कधीच नव्हते. देव नाही असं वाटत असतं तर त्याच्यावर सात वर्षं रुसून बसले नसते.

आमचं घर धायरीतलं. आता सिंहगड रस्त्याने येणाऱ्याला इथे इमारतींशिवाय काही दिसत नाही, पण माझ्या लहानपणी ते गाव होतं आणि गावाचा भैरोबा होता. भैरोबा अजून आहे, गाव शोधावं लागतं. वडील लवकर गेले. चुलते आणि आम्ही शेजारी शेजारी, मधे एकच अंगण. घरात मी आणि आई. मी शिकले, टिळक रस्त्यावरच्या एका वर्गात संध्याकाळचं जाऊन जपानी भाषा शिकले, आणि खराडीच्या एका कंपनीत दुभाषी म्हणून लागले.

आईचा एक नेम होता. घरातून निघताना कुणी "जाते" म्हटलेलं तिला खपायचं नाही. "जाते म्हनू नये गं, येते म्हन," असं ती चुलीपासून ओरडायची, आणि मी "येते" म्हटल्यावर हातातलं काम टाकून दारात यायची आणि म्हणायची, "ये." एवढंच. हे काही आमच्याच घरचं वैशिष्ट्य नव्हे, मराठी घरात कुणाची आई असं सांगत नाही? पण आईचं ते "ये" झाल्याशिवाय माझा पाय उंबऱ्याबाहेर पडल्यासारखा वाटायचा नाही. जपानीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवलं की तिथले लोक घरातून निघताना "इत्तेकिमास" म्हणतात, म्हणजे "जाऊन येते". आणि घरातलं माणूस "इत्तेराश्शाई" म्हणतं, म्हणजे "जाऊन ये". मी घरी येऊन आईला सांगितलं तर तिला कोण आनंद! "बघ, तिकडच्या बायाबी शहाण्या हायेत," म्हणाली. तिने तो शब्द शिकायचा हट्ट धरला. "इत्तेराश्शाई" काही तिच्या तोंडात बसेना, त्याचं तिने "इत्तं राशन आन" करून टाकलं. पुढे कित्येक दिवस मी ऑफिसला निघाले की मागून हाक यायची, "इत्तं राशन आन, ये!" शेजारची काकू विचारायची, "रोज रोज कसलं राशन मागवता, आक्का?"

आमच्या भैरोबाची यात्रा चैत्रात असते. तिच्यात एक जुनी रीत आहे. उतरत्या उन्हाला देवाची पालखी देवळातून निघते आणि मानाच्या घरांच्या दारात थांबते. घरची बाई तांब्यातलं पाणी पालखीवाल्यांच्या पायांवर घालते, देवाला ओवाळते. मग पुढचा म्हातारा भगत देवाच्या वतीने म्हणतो, "येतो गं माय," आणि बाई म्हणते, "या देवा." ते ऐकल्यावर पालखी पाठ न फिरवता पाच पावलं मागे सरकते आणि मग पुढच्या घराला लागते. म्हणजे "जातो" म्हणायची मुभा आमच्याकडे देवालासुद्धा नाही. सगळ्या बाया "या देवा" म्हणायच्या. आई एकटी म्हणायची, "ये रे बाबा, ये." भगत दर वर्षी टोकायचा, "वैनी, देवाला अरेतुरे?" त्यावर आईचं ठरलेलं उत्तर, "पोटच्याला कुनी अहोजाहो करतं व्हय?" लोक हसायचे, मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी शिकलेली, आणि माझी आई सगळ्या गावासमोर देवाला एकेरीत बोलवणार.

आणि मग ते वर्ष आलं. यात्रेच्या दिवशीच कंपनीत जपानहून पाहुणे येणार होते. आई पहाटेपासून पुरणाच्या मागे होती. म्हणाली, "या वर्षी तांब्या तू घे. माजे गुडगे लई दुखायलेत. पाचच्या आत ये." मी म्हटलं, जमणार नाही. ती पुन्हा म्हणाली. मी चिडले. वर्षभर राबायचं आणि नेमकं महत्त्वाच्या दिवशी हे. तांब्या काय, कुणीही धरील, देव काय पळून चाललाय? असं बरंच काही बोलले. चप्पल घालता घालता म्हटलं, "जाते मी." आतून नेहमीसारखं आलं, "जाते म्हनू नये गं." आणि मी, तिशी ओलांडलेली बाई, लहान पोरीसारखी दारात उभी राहून ओरडले, "जाते, जाते, जाते! झालं समाधान?" आणि गाडी सुरू करून निघून गेले.

तीन वाजता काकूचा फोन आला. मी सिंहगड रस्त्यावरच्या एका दवाखान्यात पोचले तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. हृदय थांबलं, त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते तर सगळ्यांनाच तसं सांगतात. घरी पुरण अर्धं वाटलेलं तसंच होतं. सुतक लागलं म्हणून त्या वर्षी पालखी आमच्या दारात थांबली नाही.

त्यानंतर मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी कुणालाही काही सांगितलं नाही. तेरा दिवस लोक येत होते, आई किती चांगली होती ते बोलत होते आणि मी मान डोलवत होते. मी तीनदा "जाते" म्हटलं, आणि गेली ती. हे मनात असं काही रुतून बसलं की कुठल्याही शहाणपणाने निघेना. दोन वर्षांत चुलत्यांनी आणि मी मिळून जागा इमारतीला दिली. काकूचं घर खालच्या मजल्यावर आलं, माझं दुसऱ्यावर. यात्रेच्या दिवशी मी सकाळीच कुलूप लावून बाहेर पडायचे आणि सगळं आटोपल्यावर परतायचे. देवळात पाऊल टाकलं नाही. घरातून निघताना कुठलाच शब्द म्हणायचे नाही. ऑफिसातसुद्धा जपानी मंडळी "इत्तेकिमास" म्हणत निघायची तेव्हा मी नुसती मान झुकवायचे. आई परत यावी असं मागण्याइतकी मी वेडी नव्हते. मला फक्त तो एका अक्षराचा शब्द हवा होता, त्या सकाळचा, जो मी ऐकून न घेता निघून गेले. कुलूप लावताना रोज वाटायचं, आता आतून येईल. सात वर्षं वाटत राहिलं.

तर त्या सातव्या वर्षी आमच्या एका जपानी साहेबांच्या आई पुण्यात आल्या. सत्तरी उलटलेल्या, निवृत्त शिक्षिका, काटकुळ्या, पायात कायम पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांना एकच नाद होता, जगभरच्या गावोगावच्या चमत्कारिक यात्रा बघायचा. एका देशात तान्ह्या बाळांना रस्त्यात गाद्यांवर निजवतात आणि माणसं त्यांच्यावरून उड्या मारतात, ते त्यांनी पाहिलं होतं. एका गावात माकडांना फळांची पंगत वाढतात, ते पाहिलं होतं. एका ठिकाणी तर घरच्या माणसांच्या थडग्यांवर फुलं पसरून सगळं कुटुंब तिथेच जेवायला बसतं, त्यांच्यात त्याही जाऊन बसल्या होत्या. सगळं एका वहीत चित्रं काढून लिहिलेलं. पुण्यात आल्या तेव्हा म्हणाल्या, प्रवासी कंपन्या दाखवतात ते नको, जिथे पाहुणे येतच नाहीत असं काही आहे का? साहेबांनी मला विचारलं. मी "माहीत नाही" म्हणायच्या आत शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, "अगं, तुमच्या धायरीची यात्रा परवाच आहे ना?" अशा माणसांना नेमक्या वेळी कंठ फुटतो. साहेबांच्या आईला घेऊन जायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

त्यांचं आडनाव मोरी. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ वनराई, आपल्या भाषेत काय ते सांगायला नको. मी मनाशी ठरवलं होतं की मोरीबाईंना देवळाच्या कमानीपर्यंत सोडायचं, कुणातरी ओळखीच्याच्या हवाली करायचं आणि आपण धायरी फाट्यावर चहा पीत बसायचं. पण ओळखीचं माणूस म्हणून सापडली ती काकूच, आणि तिची ओळख करून देताना मी "या मोरीबाई" म्हटल्यावर काकू पदर तोंडाला लावून म्हणाली, "काय म्हनलीस? मोरी? आगं, देवाच्या दारात काय नाव घेतीस!" आणि घरी पाहुणे यायचे म्हणून निघूनही गेली. मी अडकले. हलगी वाजत होती, गुलाल उडत होता, मोरीबाई वहीत भराभर चित्रं काढत होत्या आणि मी त्यांच्यामागे मान खाली घालून चालत होते. पालखीबरोबर आम्ही तीनचार दारं केली. प्रत्येक ठिकाणी त्या विचारायच्या, आता काय म्हणाले? मी कोरडेपणाने भाषांतर करायचे. "हा म्हणाला, जाऊन येतो. ती म्हणाली, या." त्यांनी पेन्सिल थांबवून माझ्याकडे पाहिलं. "हे तर आमचंच आहे," म्हणाल्या. मी म्हटलं, हो.

उन्हाने त्यांना चालवेना. कुठेतरी बसायला हवं होतं आणि जवळ माझंच घर होतं. नाइलाजाने वर घेऊन आले. पाणी दिलं, पंखा लावला. भिंतीवर आईचा फोटो आहे. मोरीबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, हात जोडून वाकल्या, आणि तशाच वळून त्यांनी विचारलं, "काय झालं होतं?" एवढंच विचारलं. आणि मी सांगून टाकलं. पुरण, गुडघे, चप्पल, तीनदा म्हटलेला तो शब्द, सगळं. आपल्या भाषेत सात वर्षं जे ओठावर आलं नाही ते परक्या भाषेत सरळ एका दमात बाहेर आलं. कदाचित परक्या भाषेत रडायची सवय नसते म्हणून असेल. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझे पती चाळीस वर्षं रोज सकाळी 'जाऊन येतो' म्हणून निघायचे. एकदाही चुकले नाहीत. शेवटच्या दिवशीही म्हणाले. आले नाहीत." खरं सांगायचं तर मला त्याने बरं वाटलं नाही. मला वाटलं, तुमच्याकडे निदान तो शब्द तरी आहे.

तेवढ्यात खालून हलगी जवळ आली. मोरीबाईंना पालखी चुकवायची नव्हती, म्हणून त्यांच्यामागे मीही जिना उतरले. पालखी आमच्याच फाटकाशी थांबली होती. काकूने पाणी घातलं, ओवाळलं, भगत "येतो गं माय" म्हणाला, ती "या देवा" म्हणाली. मला वाटलं, झालं, आता पुढे जातील. पण पालखी हलेना. भगताने तोंड जराशा डाव्या बाजूला वळवलं, आता जिथे दुचाक्या लावतात तिथे. तिथेच आमच्या जुन्या घराचं दार होतं. त्या दुचाक्यांकडे बघून तो पुन्हा तेच म्हणाला, "येतो गं माय." आणि सगळे थांबून राहिले.

मला कळेचना. काकू माझ्या कानाशी म्हणाली, "दर साली थांबत्यात. तुज्या घरचा मान हाय न्हवं. तू नसतीस. वाईच वाट बघत्यात आन जात्यात." मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी. मी कुलूप लावून पळत होते त्या प्रत्येक वर्षी देव माझ्या बंद दारात उभा राहून "येतो" म्हणत होता, आणि त्याला कुणी "या" म्हणत नव्हतं. भगताने मला पाहिलं. फार म्हातारा झाला होता. पालखीवाल्यांचे खांदे दुखत असणार. काकूने तांब्या माझ्यासमोर धरला. मला तो धरवेना. पालखी खाली ठेवत नाहीत, आणि शब्द मिळाल्याशिवाय ती नीट मागेही सरकत नाही.

तेव्हा माझ्या शेजारून बारीक, स्पष्ट आवाज आला. "ये."

मोरीबाई. वही काखेत धरून, दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून त्या देवाला म्हणत होत्या, "ये. ये."

लोक हसले. भगताच्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "देवाला अरेतुरे?" आणि तो बोलता बोलता थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. काकूचं हसू एकदम विरलं. माझा दंड धरून ती म्हणाली, "आगं, ही तर आक्कावानीच बोलली की गं! त्या दिशी सुद्दा..." आणि तिथेच, त्या गर्दीत, काकूने मला सांगितलं. "त्या दिशी तू तणतणत गेलीस न्हवं का गाडीवरनं? मी अंगणात कुरडया वाळत घालत हुते. तुजी आई हात पुशीत दारात आली. तू पार कोपऱ्यावर पोचली हुतीस. तरी म्हनली, ये गं बाई, ये. मी म्हनलं, आक्का, आता कुनाला ये म्हनताय, पोरगी गेलीबी. तर म्हनली, तिला न्हाई ऐकू गेलं तरी आपन म्हनायचं असतंय. तिनं येते न्हाई म्हनलं, मी ये म्हनलंय. कुनी तरी एकीनं म्हनलं म्हंजे झालं."

मी काकूला विचारलं, "मला सात वर्षांत कधी सांगितलं नाहीस?" काकू म्हणाली, "तू कवा बसलीस माज्यापाशी? जत्रा आली की कुलूप लावून पसार. आन त्यात सांगन्यासारखं काय हाय? आई हाय, म्हननारच की."

मला त्यानंतरचं नीट आठवत नाही. तांब्या माझ्या हातात होता आणि पाणी पालखीवाल्यांच्या पायांपेक्षा माझ्याच साडीवर जास्त सांडलं, एवढं आठवतं. भगत तिसऱ्यांदा म्हणाला, "येतो गं माय." मला "या देवा" म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "ये रे बाबा, ये." यावेळी कुणी हसलं नाही. पालखी पाच पावलं मागे सरकली, वळली, आणि गुलालात पुढच्या फाटकाकडे गेली. मी दुचाक्यांमधे जमिनीवर बसून पोटभर रडले. सात वर्षांचं रडणं होतं. मोरीबाई शेजारी उकिडव्या बसून राहिल्या, त्यांचे पांढरे बूट पार गुलाबी होऊन गेले होते.

परतताना गाडीत मी त्यांना विचारलं, तुम्ही "ये" कुठे ऐकलंत? त्या म्हणाल्या, "प्रत्येक दारात. बायका तेच तर म्हणत होत्या." मी म्हटलं, त्या "या" म्हणत होत्या. त्यांनी वही उघडून दाखवली. त्यांच्या अक्षरात, त्यांच्या लिपीत, स्वच्छ "ये" लिहिलेलं होतं. ऐकण्यात चूक झाली असेल. यात्रेच्या गर्दीत कुठलीतरी आई आपल्या लेकराला "ये, इकडे ये" म्हणत असेल, ते कानावर पडलं असेल. मीच त्यांना आईचं सांगताना तो शब्द मराठीत उच्चारला असेल, तेही शक्य आहे. मला आठवत नाही. मी यावर पुष्कळ विचार केला आणि मग सोडून दिला. काकू माझ्याच जिन्याखाली राहते. सात वर्षं मी तिच्या दारावरून रोज दोनदा जात होते आणि मला हवा होता तो शब्द तिच्यापाशी ठेवलेला होता. तो मला मिळावा म्हणून एका परक्या बाईला समुद्रापलीकडून यावं लागलं, एक अक्षर चुकावं लागलं. कुणी केलं हे, कसं केलं, हे विचारायचा हट्ट आता माझ्यात उरलेला नाही. कृपा हिशेबाने येत असती तर माझ्या वाट्याला आलीच नसती.

मोरीबाई आठवड्याने परत गेल्या. विमानतळावर निरोप घेताना त्यांनी पाठ केलेलं एकच मराठी वाक्य म्हटलं, "मी येते." मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "या." त्यांना मात्र अहोजाहोच.

आता चैत्रात तांब्या माझ्याकडे असतो. भगत दर वर्षी टोकतो आणि मी आईचं उत्तर देते. रविवारी दुपारी मी काकूपाशी बसते, कधी निवडायला घेते, कधी नुसतीच. आणि रोज सकाळी खराडीला निघताना कुलूप लावण्याआधी रिकाम्या घरात तोंड करून म्हणते, "येते गं." मग जराशी थांबते. आतून काही ऐकू येत नाही. पण तिने म्हटलेलं असतं.